सोलापुरातली घुबडं ओळखायची तर आधी जागा बघा

सोलापूर जिल्ह्यात रात्री मोठ्या डोळ्यांचा पक्षी दिसला की त्याला एकच नाव मिळतं: घुबड. मग तो लिंबाच्या ढोलीतला वीतभर पिंगळा असो, नाहीतर खडीच्या खाणीतल्या कपारीत बसलेलं पावणेदोन फुटी शृंगी घुबड असो. मोबाइलवर फोटो फिरतो, खाली कुणी ‘दुर्मीळ’ लिहितं, कुणी ‘अशुभ’ लिहितं, आणि पक्ष्याचं नाव शेवटपर्यंत कुणी विचारत नाही. हे बदलावं असं मनापासून वाटतं. घुबडं ओळखणं लोक समजतात तेवढं अवघड नाही, आपण चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतो एवढंच.

बहुतेक जण आधी रंग आणि ठिपके बघतात. रात्रीच्या पक्ष्याबाबत हीच सगळ्यात कमी भरवशाची गोष्ट आहे. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली सगळी घुबडं तपकिरी दिसतात आणि गाडीच्या हेडलाइटमध्ये सगळ्यांची पोटं पांढरी होतात. म्हणून क्रम उलटा लावायचा. आधी जागा, मग डोळ्यांचा रंग, मग डोक्यावरचे पिसांचे तुरे, मग पाय, आणि अगदी शेवटी अंगावरची नक्षी. आपल्या जिल्ह्यात डोक्यात ठेवावीत अशी नावं सात आहेत: पिंगळा, गव्हाणी घुबड, शृंगी घुबड, मत्स्य घुबड, शिंगळा, ठिपकेदार वनघुबड आणि थंडीत येणारं आखूड कानांचं घुबड. मराठी नावं पुस्तकागणिक थोडी बदलतात, तेव्हा नावावर वाद घालत बसू नये. जागा नीट पाहिली की या सातांपैकी दोन-तीनच उरतात, आणि तेही दुर्बीण डोळ्याला लावण्याआधी.

डोळ्यांबद्दल एक खुलासा इथेच करतो. टॉर्च मारल्यावर डोळा लाल-नारिंगी चमकतो ती आतल्या पडद्यावरून परतलेली चकाकी असते, डोळ्याचा रंग नव्हे. रंग बघायचा तो संधिप्रकाशात किंवा दिवसा. सातांपैकी गव्हाणी, शिंगळा आणि वनघुबड या तिघांचे डोळे काळे किंवा गडद तपकिरी असतात. पिंगळा, मत्स्य आणि आखूड कानांचं घुबड यांचे पिवळे. शृंगी घुबडाचे नारिंगीकडे झुकणारे, निखाऱ्यासारखे. ही एवढी वाटणी पाठ झाली तरी निम्म्या चुका टळतात.

शहरात आणि गावठाणात विचार करायचा तो पिंगळ्याचा आणि गव्हाणी घुबडाचा. पिंगळा साळुंकीपेक्षा किंचित लहान, पण अंगाने गोल. राखी-तपकिरी पाठीवर पांढरे ठिपके, डोक्यावरही बारीक ठिपके, डोळ्यांवर पांढऱ्या भुवया, गळ्याशी पांढरा पट्टा. तुरे नाहीत. सूर्य मावळायच्या अर्धा-पाऊण तास आधीच तो ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो, दिवसाही ऊन खात बसलेला दिसतो. आपण त्याच्याकडे पाहिलं की डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवतो. समोरची वस्तू किती अंतरावर आहे हे तो त्यातून ठरवत असतो, कारण घुबडाचे डोळे खोबणीत आपल्यासारखे फिरत नाहीत, पूर्ण मान फिरवावी लागते. जुन्या वाड्यांच्या भिंतीतली भोकं, वड, पिंपळ, चिंच, लिंब, मोडकळीला आलेली पत्र्याची शेड, विहिरीच्या कडेचं दगडी बांधकाम, रस्त्याकडेची जुनी झाडं हे त्याचं घर. सिद्धेश्वर तळ्याचा आणि भुईकोट किल्ल्याचा परिसर, विजापूर रस्त्यावरचा कंबर तलाव, अशा ठिकाणी जुनी झाडं आणि ढोल्या बघत संध्याकाळी फिरा. त्याचा आवाज आधी ऐकू येतो: एकाने ‘चिर्रर्र चिर्रर्र’ सुरू केलं की दुसरा त्यावर चढवतो, आणि दोघं-तिघं मिळून भांडण लागल्यासारखा कालवा करतात. पहाटे कंदील घेऊन दारी येणाऱ्या आणि भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याला हे नाव या पक्ष्यावरूनच मिळालं, याची भाषा त्याला कळते असं मानलं जायचं म्हणून. आवाज ऐकायला सगळ्यात सोपा काळ नोव्हेंबर ते एप्रिल, कारण तेव्हा त्याची वीण असते.

पिंगळ्याबाबत होणारी मोठी चूक म्हणजे त्याला वनपिंगळा ठरवणं. वनपिंगळा हा फक्त मध्य आणि पश्चिम भारतात सापडणारा, अतिशय मोजका उरलेला पक्षी. शंभरावर वर्षं तो कुणाला खात्रीने दिसला नव्हता आणि १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी तो पुन्हा सापडला. मेळघाट, यावल, तानसा अशा सागाच्या जंगलांत त्याची नोंद आहे. सोलापूरच्या बाभळी आणि लिंबांवर तो शोधायला जाऊ नये. वनपिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर ठिपके जवळजवळ नसतात, छाती गडद तपकिरी, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, डोकं आणि चोच अंगाच्या मानाने मोठी, पायांवर पांढऱ्या पिसांचा जाड गुंडाळा. तुमच्या फोटोतल्या पक्ष्याच्या डोक्यावर ठिपके असतील तर प्रश्न तिथेच मिटला. कुणी वनपिंगळ्यालाच रानपिंगळा म्हणतं, कुणी रानपिंगळा हे नाव अंगभर आडव्या पट्ट्या असलेल्या जंगली पिंगळ्याला देतं. बातम्यांमधला अर्धा गोंधळ या नावामुळेच होतो.

गव्हाणी घुबड कावळ्यापेक्षा थोडं लहान, पण पाय लांब असल्याने बसल्यावर उंच वाटतं. चेहरा बदामाच्या आकाराचा, पांढरा. डोळे छोटे आणि काळे. पाठ सोनेरी-बदामी, त्यावर राखाडी शिंपडण. पोट पांढरं, त्यावर तुरळक काळे ठिपके. एवढा वेगळा चेहरा दुसऱ्या कुणाचाच नाही, त्यामुळे दिवसा ते चुकत नाही. चूक होते ती रात्री, डोक्यावरून उडताना. खालून पूर्ण पांढरं, आवाज नाही, आणि मधेच एक कर्कश, घासल्यासारखी किंचाळी. पडक्या घरांबद्दल आणि बंद गिरण्यांबद्दल सांगितल्या जाणाऱ्या भुताच्या कितीतरी गोष्टींचं मूळ इथे आहे. छताच्या पोकळीतून रात्रभर घोरल्यासारखा किंवा कुकरची वाफ सुटल्यासारखा ‘श्श्श’ आवाज येत असेल तर वर भुकेली पिल्लं आहेत असं समजा. बंद कारखाने, धान्याची गोदामं, मंदिरांची शिखरं, शाळांची छतं, पाण्याच्या उंच टाक्या, जुन्या आडाच्या कपारी, जिथे अंधारी पोकळी आणि जवळ उंदीर आहेत तिथे ते राहतं.

याची वीण कोणत्याही ऋतूत होऊ शकते, सगळं उंदरांवर अवलंबून असतं. साधारण चार ते सात अंडी. मादी पहिलं अंडं घातल्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं एकाच दिवशी निघत नाहीत आणि एकाच घरट्यात मुठीएवढं पिल्लू आणि जवळजवळ उडायला आलेलं पिल्लू शेजारी शेजारी दिसतात. लहानपणी अंगावर पांढरा कापूस, लांब पाय, सरळ उभं राहून डोलणं. ‘परग्रहावरचा प्राणी सापडला’ म्हणून फिरणारे व्हिडिओ बहुतेक याच पिल्लांचे असतात. दिवाळीच्या साफसफाईत माळा किंवा छत उघडलं आणि पिल्लं दिसली तर काम तेवढ्यापुरतं थांबवा. अंडी उबायला महिनाभर आणि पिल्लं उडायला आणखी साधारण दोन महिने लागतात, तेव्हा कितपत थांबावं लागेल हे पिल्लांच्या पिसांवरून कळतं: चेहऱ्याचा बदाम पूर्ण दिसू लागला आणि पंखांची सोनेरी पिसं आली की फार तर दोन-तीन आठवडे. पिल्लू खाली पडलं असेल आणि जखम नसेल तर जाड कापडात धरून त्याच पोकळीत परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई सोडून देते ही समजूत खोटी आहे. दूध पाजू नका, पाणी चोचीत ओतू नका. पाणी श्वासनलिकेत जाऊन पिल्लू गुदमरतं. पंख लोंबत असेल किंवा मांजा गुंडाळला असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, भोकं पाडून ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

गाव संपलं आणि माळ लागला की हिशेब बदलतो. नान्नज, मार्डी या बाजूला बार्शी रस्त्याने जाताना दिसणारी कुसळीची गवताळ कुरणं ही १९७९ साली माळढोकासाठी राखलेल्या अभयारण्याचा भाग. माळढोकाच्या नावाने गवत टिकलं, आणि गवताच्या आधाराने थंडीत उत्तरेकडून येणारं आखूड कानांचं घुबड इथे उतरू शकतं. हे जमिनीवर बसणारं घुबड आहे. झाडावर शोधाल तर सापडणार नाही. दिवसा गवताच्या झुपक्याआड बसतं आणि पाय पडायची वेळ आली की एकदम समोरून उडतं. कावळ्याएवढं अंग पण पंख लांब, उडणं पतंगासारखं हलकं, डुलतं. चेहरा फिका, पिवळ्या डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी वर्तुळं. छातीवर दाट उभ्या रेघा, पोट फिकं. पंख खालून फिके, टोकं काळी आणि मनगटाच्या जागी, म्हणजे पंख दुमडतो त्या सांध्याशी, एक काळा ठिपका. ‘कान’ म्हणजे दोन बोटभरही नसलेले तुरे, बहुतेक वेळा दिसतच नाहीत. तेव्हा तुरे दिसले नाहीत म्हणून हे नाव खोडू नका.

इथे घोटाळा होतो तो भोवत्यांशी. थंडीत पांढुरका भोवत्या आणि मॉन्टेग्यूचा भोवत्या हे शिकारी पक्षी संध्याकाळी याच गवतात मुक्कामाला उतरतात, तेही लांब पंखांनी गवतावर खालून उडतात. फरक डोक्यात असतो. भोवत्याचं डोकं लहान, मान दिसते, शेपटी लांब. घुबडाचं डोकं मोठं, बोथट, मान नसल्यासारखं, शेपटी आखूड, पुढून पाहिलं तर चेहरा सपाट थाळीसारखा. मादी भोवत्याच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो, घुबडाला तो नसतो. सूर्य बुडाल्यानंतरही उडत राहिलेला पक्षी असेल तर घुबडाची शक्यता वाढते, पण फक्त वेळेवरून नाव देऊ नका. ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंतचा काळ धरा. एप्रिलमध्ये माळावर ‘आखूड कानांचं’ दिसलं असं कुणी म्हणालं तर फोटो मागा. अभयारण्याच्या हद्दीत परवानगी घेऊन जा, ठरलेल्या वाटेवरून चाला, आणि घुबड परत उडावं म्हणून गवतात रांग करून फिरू नका. हिवाळ्यात एकाच दुपारी तीन-चारदा उठवलेला पक्षी ते गवतच सोडून देतो.

माळावर रात्री घुबड वाटणारे पण घुबड नसलेले दोन जण आहेत. रातवा कच्च्या रस्त्यावर चिकटून बसतो, हेडलाइटमध्ये त्याचे डोळे लाल निखाऱ्यासारखे चमकतात आणि गाडी अगदी जवळ आल्यावर तो उडतो. त्याचा आवाज टेबलावर सोडलेला छोटा चेंडू टप्पे खात खात थांबावा तसा, आधी सुटा आणि मग भरभर. दुसरा करवानक: लांब पिवळट पाय, मोठे पिवळे डोळे, आणि रात्री ओरडला की सगळा माळ जागा होतो. दोघांचाही चेहरा घुबडासारखा सपाट नसतो.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं ते शृंगी घुबड. सोलापूरचा भूभाग त्याच्यासाठीच बनवल्यासारखा आहे. काळ्या पाषाणाच्या टेकाडांत ओढ्यांनी कापलेल्या दरडी, मुरमाच्या आणि खडीच्या खाणी, कॅनॉलसाठी आणि रस्त्यांसाठी फोडलेले उभे कट, आणि सभोवार ज्वारी, हरभरा, तूर, ऊस, म्हणजे उंदीर. घरटं काड्यांचं नसतं. दरडीच्या कपारीत, झुडपाच्या आडोशाला, कधी उघड्या उतारावर जमिनीत उथळ खळगा करून मादी अंडी घालते, बहुतेक तीन-चार. वीण साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत, म्हणजे हुरड्याच्या दिवसांत नर-मादी सर्वांत जास्त बोलतात. येळवसेच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, रात्री रानात मुक्काम असेल तर अंधार पडल्यावर अर्धा तास गप्प बसून दरडीच्या बाजूला कान द्या: ‘बु-बूऽऽ’, पहिला स्वर आखूड, दुसरा लांब आणि घुमणारा. जवळून ऐकला तर फारसा मोठा वाटत नाही, पण लांबवर पोहोचतो.

दिसायला हे धिप्पाड, घारीएवढ्या उंचीचं पण जाड. तुरे मोठे, टोकदार, उभे किंवा किंचित बाहेर झुकलेले. चेहऱ्याच्या तबकडीला काळी किनार, नारिंगी डोळे, गळ्याशी पांढरा पट्टा जो आवाज काढताना फुगतो. छातीच्या वरच्या भागात जाड काळ्या रेघा, खाली त्या बारीक होतात. पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले. शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण याचा खरा घोटाळा मत्स्य घुबडाशी होतो आणि तो पायांवर सुटतो.

मत्स्य घुबड तितकंच मोठं, कधी जास्तच मोठं. त्याचे पाय मात्र उघडे असतात, पिवळट-राखाडी, खवल्यांचे, कोंबडीसारखे. पाण्यातून मासे आणि खेकडे उचलणाऱ्या पक्ष्याला पायांवर पिसं असती तर ती भिजली असती. तुरे आडवे, विस्कटलेले, डोक्याच्या बाजूंना पसरलेले असतात, त्यामुळे डोकं चपटं दिसतं. चेहऱ्याला काळी किनार नाही. डोळे पिवळे. छातीपासून पोटापर्यंत सगळीकडे सारख्याच बारीक, उभ्या, गडद रेघा. शृंगीसारखा वर जाड-खाली बारीक असा फरक नाही. आणखी एक खूण, जी फोटोत दिसत नाही: इतर घुबडांच्या पंखांची कड मऊ, झालरीसारखी असते म्हणून ती आवाज न करता उडतात. मत्स्य घुबडाच्या पंखांना तशी झालर नसते, त्याच्या उडण्याचा फडफडाट ऐकू येतो. माशाला पाण्याबाहेरचा आवाज कितीसा जाणवणार.

जागेचा नियम इथेही चालतो. भीमा आणि सीना यांच्या काठची मोठी, सावलीची झाडं, माचणूरसारखी नदीला लागून असलेली जुनी देवस्थानं, सीना-भीमेच्या संगमाचा हत्तरसंग-कुडल परिसर, उजनीच्या फुगवट्याच्या कडेची जुनी आमराई, अशा ठिकाणी मोठं तुरेवालं घुबड दिसलं तर आधी मत्स्य घुबड तपासा. कोरडी दरड, खाण, ओढा असेल तर आधी शृंगी. फसगत होते ती पाणी साठलेल्या जुन्या खाणीत आणि कॅनॉलच्या काठावर. पाणी दिसलं म्हणून मत्स्य घुबड ठरवू नका. तिथे पायच बघायचे. पक्षी पाय पिसांत झाकून बसला असेल तर थांबा, उडताना किंवा आळस देताना पाय दिसतात. आणि बसल्यावर तुरे कसे आहेत हे एकाच फोटोवरून सांगू नका: शृंगी निवांत असलं की तुरे मागे पाडतं, तेव्हा ते मत्स्य घुबडासारखं दिसतं.

शृंगी घुबडाच्या पिल्लांबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. ती उडायला येण्याच्या बरंच आधी घरट्यातून चालत बाहेर पडतात आणि आसपासच्या झुडपांत, दगडांत विखुरतात. जमिनीवर एकटं, फुगलेलं, चोच कटकट वाजवणारं पिल्लू दिसलं म्हणजे ते हरवलेलं नाही. आई-बाप जवळ असतात. ते उचलून गावात आणणं म्हणजे धडधाकट पिल्लू आई-बापांपासून तोडणं. भटकी कुत्री किंवा रस्ता अगदी जवळ असेल तरच उचला आणि त्याच दरडीवर, वीस-पंचवीस पावलांच्या आत, थोड्या उंच जागी ठेवा. घरट्याकडे पाहायचं असेल तर दरडीच्या माथ्यावर उभं राहू नका. समोरच्या काठावरून, दूरवरून, दुर्बिणीतून बघा. दिवसा मादी उठली की अंडी उन्हात पडतात, आणि फेब्रुवारीनंतरचं सोलापूरचं ऊन उघड्या मुरमावर काय करतं हे सांगायला नको. त्यातून कावळे टपलेले असतातच.

मोठ्या वडांच्या, चिंचांच्या आणि आंब्यांच्या झाडीत उरलेली दोन नावं येतात. शिंगळा पिंगळ्यापेक्षा जरासाच मोठा, पण डोक्यावर स्पष्ट तुरे आणि गडद डोळे. मानेमागे फिका पट्टा, अंगाची नक्षी झाडाच्या सालीसारखी. दिवसा फांदीला चिकटून डोळे बारीक करून बसला की वाळका ठोंबा वाटतो. तो दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतो: ‘वुक?’ असा एकच, प्रश्न विचारल्यासारखा सूर, मग काही सेकंद शांतता, मग पुन्हा ‘वुक?’. पावसाळ्यात तो बेडकांच्या आवाजात हरवतो, म्हणून थंडी आणि उन्हाळ्यात ऐका. ठिपकेदार वनघुबड खूप मोठं, दीड फुटाच्या वर. तुरे नाहीत, डोकं गोल, डोळे गडद, चेहऱ्यावर डोळ्यांभोवती पाण्यातल्या वलयांसारखी बारीक काळी-पांढरी वर्तुळं, पोटावर आडव्या पट्ट्या. त्याचा थरथरता, वर चढून विरणारा आवाज पहिल्यांदा ऐकला की अंगावर काटा येतो. गावकुसाबाहेरची जुनी मोठी झाडं तुटत गेली तशी याची जागा आक्रसत गेली, त्यामुळे जुना वड उभा असलेल्या प्रत्येक गावी याचा आवाज शोधावा असं मला वाटतं.

बघायला जाताना सामान थोडं लागतं. ८×४२ ची दुर्बीण संधिप्रकाशात पुरेशी, १०×५० हातात थरथरते. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन थर लावा आणि झोत पक्ष्याच्या बाजूला टाका, सरळ डोळ्यांत नको. फ्लॅश वापरू नका. मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी बोलावण्याची सवय वाढली आहे, ती वाईट आहे: विणीच्या काळात नर हद्दीत दुसरा आला समजून घरटं सोडून भांडायला येतो. उलट तुम्हीच आवाज रेकॉर्ड करा. अर्ध्या मिनिटाचा स्वच्छ आवाज अंधुक फोटोपेक्षा ओळखीला कितीतरी जास्त उपयोगी पडतो. दिवसा घुबड सापडवायचं असेल तर दुसऱ्या पक्ष्यांचा गोंगाट ऐका. कावळे, कोतवाल, बुलबुल, साळुंक्या एकाच झाडाभोवती जमून ओरडत असतील तर आत बहुधा घुबड किंवा साप असतो. कपारीखाली दगडावर चुना ओघळल्यासारखे पांढरे डाग हीही खूण.

पक्षी न दिसताही ओळख पटवून देणारी एक गोष्ट म्हणजे घुबडाने ओकलेली केसांची आणि हाडांची गोळी. घार-शिक्र्यांच्या गोळ्यांत हाडं फारशी उरत नाहीत, ती पचतात. घुबडाच्या गोळीत जवळजवळ पूर्ण सांगाडा सापडतो. गव्हाणी घुबडाची गोळी तीन ते सात सेंटिमीटर, ताजी असताना काळी आणि तुकतुकीत, आत उंदरांच्या अख्ख्या कवट्या, कारण ते शिकार बहुधा सबंध गिळतं. शृंगीची गोळी मोठी, पण ते मोठी शिकार फाडून खातं म्हणून कवट्या अनेकदा फुटलेल्या. पिंगळ्याची गोळी छोटी, हातात भुरभुरते आणि भुंग्यांच्या कडक पंखांनी भरलेली. गोळी कोरडी फोडू नका, नाजूक जबडे तुटतात. हातमोजे आणि तोंडाला रुमाल बांधून ती तासभर कोमट पाण्यात भिजवा, मग चिमट्याने केस बाजूला करा. पुढे दोन लांब पिवळे दात आणि मग मोकळी फट असेल तर उंदीर. टोकदार पांढऱ्या दातांची सलग रांग असेल तर चिचुंद्री. गोळी कुठल्या जागी, कोणत्या तारखेला सापडली ते कागदी पाकिटावर तिथल्या तिथे लिहा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरून बुरशी येते.

हे दात मोजताना शेतकऱ्याला एक गोष्ट आपोआप कळते: घुबडांचं एक घरटं किती उंदीर संपवतं. म्हणूनच ब्रोमाडियोलोनसारखं उंदरांचं विष बांधावर टाकण्याआधी विचार करा. त्याने उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, आणि तोच घुबडाच्या तावडीत आधी सापडतो. विष मग घुबडाच्या पोटात. टाकायचंच असेल तर बिळात टाकून तोंड बुजवा आणि मेलेले उंदीर खोल पुरा.

आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांबद्दल. लक्ष्मीपूजनाच्या रात्री जादूटोण्यासाठी घुबडं पकडण्याचा, विकण्याचा आणि मारण्याचा प्रकार देशात आजही चालतो, आणि त्यात तुरे असलेल्या मोठ्या घुबडांना जास्त मागणी असते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घुबड पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. शृंगी घुबड वर्षानुवर्षं एकाच खाणीत किंवा दरडीत राहतं, त्यामुळे एकदा जागा फुटली की ती कायमची फुटते. नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना शृंगी आणि मत्स्य घुबडाच्या घरट्याची नेमकी जागा देऊ नका, तालुका पुरेसा आहे. फोटो पाठवण्याआधी मोबाइलमधून त्यातलं लोकेशन काढून टाका, आणि मागे ओळखीची टेकडी, पवनचक्की किंवा देवळाचा कळस दिसत असेल तर तेवढा भाग कापा.